पायऱ्या नसलेला काठ

बाबा, तलावाला पायऱ्या झाल्या. दगडाच्या आहेत, रुंद आहेत, कपड्यांची टोपली ठेवून बाई शेजारी ऐसपैस बसू शकेल अशा. आपल्या वस्तीच्या बाजूने झाल्या, रस्त्याच्या बाजूने झाल्या, पलीकडच्या कॉलनीच्या बाजूनेही झाल्या. चौथ्या बाजूला, जिकडे शेतं आहेत आणि पावसाचं पाणी आत येतं, तिकडे मात्र झाल्या नाहीत. तिकडे अजून चिखलच आहे, आणि तो माझ्या सांगण्यावरून ठेवला आहे. तुम्ही असता तर हे ऐकून माझ्याशी आठ दिवस बोलला नसता. म्हणून वाटलं, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच तुम्हाला नीट सांगावं. तुम्हाला आता दुसरं कोण सांगणार, हे मला कळतं, तरी वाटलं.

आपल्या गावचं तळं मला अजून जसंच्या तसं दिसतं. भंडाऱ्याकडे गावागणिक असतं तसंच ते होतं: उंच पाळ, पाळीवर मोहाची झाडं, आणि गावाकडच्या अंगाला काळ्या दगडाचा घाट. घाट आपला नव्हता. आपल्या मोहल्ल्याच्या बायका मागच्या अंगाला, जिथं गुरं पाण्यात उतरायची, तिथून पाणी आणायच्या. मी शाळेत जाईपर्यंत तोंडाने कोणी अडवत नव्हतं, पण पायवाटा आधीच पडून गेल्या होत्या. घागर कमरेवर घेतली की आईचे पाय आपोआप तिकडे वळायचे. तुम्ही भिलाईला प्लांटमध्ये होता. क्वार्टर मिळालं नव्हतं म्हणून आई आणि मी गावीच राहायचो, मी तिथल्याच शाळेत शिकायचो, आणि तुम्ही सुट्टीत यायचा. अशाच एका सुट्टीत मी मागच्या अंगाला झिंगे धरायला गेलो आणि गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन घरात शिरलो. आई चुलीपुढे भाकर थापते आहे, तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात, आणि माझे पाय पाहून तुमचा चेहरा असा होतो की आईचा हात परातीतच थांबतो.

"कावून गेलता रे चिखलात?" तुम्ही विचारलं.

"झिंगे धराले."

"झिंगे बजारात भेटते. मी तिथं भट्टीपुढं उभा राहतो तो कायले? तुये पाय चिखलात भरावे म्हून?"

मारलं नाही तुम्ही. चुलीवरचं गरम पाणी घेतलं, मला मोरीवर उभं केलं आणि बोटांच्या बेचक्यांतला चिखल स्वतः काढला, इतक्या जोरात की कातडी लाल झाली. पुढच्या सुट्टीत तुम्ही माझ्यासाठी काळे बूट आणले. ते एका मापाने मोठे होते. पुढे कागदाचे बोळे घालून ते मी शाळेत घालून गेलो, आणि गुरुजींनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहायच्या आधी पायांकडे पाहिलं. तेव्हा मला वाटलं होतं, तुम्हाला घाण आवडत नाही. तुम्ही कशाला इतके घाबरत होता, ते कळायला मला बाप व्हावं लागलं.

रिटायर झाल्यावर तुम्ही भिलाईतच, कोहक्याच्या मागे, जामुलकडे जाणाऱ्या अंगाला प्लॉट घेतला तो तलाव पाहून. घर बांधायच्या आधी काकांना घेऊन तुम्ही काठावर गेला होता. भट्टीवर तुमच्याच गॅंगमध्ये असलेले, शेजारचाच प्लॉट घेतलेले आपले काका. चारही बाजू कच्च्या होत्या. तुम्ही म्हणालात, "याले पायऱ्या पायजे." एवढंच. मग जो कोणी मत मागायला दारात येई, त्याला तुम्ही चहा पाजायचा आणि तलावावर घेऊन जायचा. पावसाळ्यात शेजारच्या वहिनी धुण्याच्या टोपलीसकट घसरून पडल्या, तेव्हा तुम्ही विहारात उभे राहून म्हणालात, "आपल्या बायायनं जनमभर चिखलातच उभं राहावं काय?" लोक माना हलवायचे. पायऱ्या काही होत नव्हत्या. माझी मुलगी रांगायला लागली होती त्या वर्षी तुम्ही गेलात. आज ती कॉलेजात आहे, माझ्यापेक्षा उंच झाली आहे, आणि पुढची सगळी गोष्ट तिच्यामुळेच सुरू झाली.

मी भिलाई-३ च्या रेल्वे यार्डातच आहे, वॅगनची तपासणी करतो. रात्रपाळी संपवून सकाळी सायकलने येतो आणि घरी शिरण्याआधी तलावाशी थोडा थांबतो. तुम्ही शिकवली तशी वंदना मी आंघोळीनंतर रोज म्हणतो, पण खरं सांगायचं तर मन शांत होतं ते इथं, त्याच्या आधी. हिवाळा सरत आला की शेताच्या बाजूचं पाणी मागे हटतं आणि ओल्या चिखलाचा पट्टा उघडा पडतो. त्यावर छोटी करड्या रंगाची पाखरं धावताना मी कित्येक वर्षं पाहिली होती. धावायचं, थांबायचं, चोच खुपसायची, पुन्हा धावायचं. मला ती चिमण्यांची कुणी भाऊबंद वाटायची. एका सकाळी मुलगी सोबत होती. ती म्हणाली, "पप्पा, हे इथले नाहीत ना. बहुत दूर से आते हैं, हिमालय के भी उस पार से. तिकडे बर्फ पडतो म्हणून इकडे येतात. समुद्राच्या काठावर पण हेच असतात." मग तिने नावं सांगितली. शेपटी हलवत चालतो तो तुतवार. गळ्यात काळी पट्टी असलेला, लहान, तो चिखल्या. मी हसलो. मला तुम्ही आठवलात. चिखलात जाऊ नको म्हणून माझे पाय घासले होते तुम्ही, आणि इथं हा एवढासा जीव डोंगरांवरून उडून येतो तो चिखलासाठीच.

हे मला कळलं, पण नीट कळलं नाही. त्या वर्षी माघ पौर्णिमेच्या सुमाराला पाणी खूपच उतरलं. विहारात कोणीतरी म्हणालं, बिचारी पाखरं सुकलेल्या तलावात पाण्यासाठी वणवण करून राहिली. सगळ्यांना दया आली. मलाही आली, पाखरांना पाणी देण्याहून चांगलं काम पौर्णिमेला कोणतं असणार? पोरांनी विहाराच्या बोअरला पाइप जोडला, तलावापर्यंत नेला आणि मोटर सुरू केली. काका खुर्ची टाकून बसले. बायकांनी चहा आणला. पाणी हळूहळू चिखलावर चढत होतं आणि आम्ही सगळे मोठ्या समाधानाने पाहत होतो. पाखरं मागे सरकली, आणखी मागे सरकली, आणि मग एकदमच उठून, तलावावर एक वळसा घेऊन, निघून गेली.

"लेकहो, पानी पाजलं त पळाले!" काका म्हणाले. "मोठे बेइमान पाखरं होय बे हे."

सगळे हसले. मुलगी हसली नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "पप्पा, ये तैरते नहीं हैं. पाय बघा ना त्यांचे, केवढे छोटे. चिखलातले किडे खातात ते. आपण त्यांच्या ताटात पाणी ओतलं." मोटर मीच जाऊन बंद केली, कारण विचारलं तेव्हा बिलाचं निमित्त सांगितलं. पाणी पुन्हा उतरलं तशी काही पाखरं परत आली. त्यानंतर मी चिखलाकडे पाहिलं, बाबा. आजवर मी त्याच्यावरून पाहत होतो. तो पट्टा म्हणजे नुसतं पाणी नसलेली जागा नव्हती.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात विहाराची बस धौलीला गेली. तुम्हाला किती जायचं होतं तिथं. टेकडीवरचा पांढरा स्तूप, खाली नदी, आणि ज्या लढाईनंतर सम्राटाने शस्त्र ठेवलं ती जिथं झाली म्हणतात त्या मैदानात आता भाताची खाचरं. मी तुमच्या आणि आईच्या नावाने फुलं वाहिली. येताना बस चिलिकाला थांबली, तिथं सरोवराला समुद्र येऊन मिळतो. काका म्हणाले, नाव परवडत असेल तर बसू. परवडत होती, बसलो. नाव एका उथळ जागी पोचली तेव्हा समोर करडा चिखल होता, नजर पोचेल तिथवर, आणि त्यावर आपलीच पाखरं. आपलीच म्हणतो, कारण दुसरं काय म्हणू? तीच धाव, तेच थांबणं. आपल्याकडे मूठभर असतात, तिथं जमीनच हलत असल्यासारखी वाटली. नाववाला मुलीशी हिंदीत बोलत होता. समुद्राच्या काठाने असा चिखल आता जागोजागी कमी होतो आहे, कुठं बांध घालतात, कुठं कोळंबीची तळी खोदतात, कुठं हॉटेलं येतात, आणि पाखरांना उतरायला जागा शोधावी लागते, असं तो सांगत होता.

परतीच्या वाटेवर सगळी बस झोपली होती आणि मला माझं यार्ड दिसत होतं. आमच्याकडे जी मालगाडी येते ती आमची नसते. कुठून तरी येते, कुठं तरी जायची असते. ती आमच्याकडे उभी राहते, आम्ही चाकं पाहतो, ब्रेक पाहतो, आणि ती जाते. कोणी म्हणालं, या यार्डात ना माल चढतो ना उतरतो, मोडून टाका, तर गाडी पुढे पोचेल का? समुद्राचा काठ मी वाचवू शकत नाही. पण मधलं एक छोटं स्टेशन माझ्या घरासमोर होतं.

आणि तेव्हाच पायऱ्या मंजूर झाल्या. रविवारी विहारात वंदना झाली, आणि काकांनी सांगितलं की चारही बाजूंनी दगडी काम होणार, आत गाळ काढून तलाव खोल करणार, पाणी बारा महिने भरलेलं राहणार. बायकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी तुमचं नाव घेतलं. आणि मी, तुमचा मुलगा, उभा राहिलो आणि म्हणालो की शेताची बाजू जशी आहे तशीच राहू द्यावी, पाखरांसाठी.

आधी कोणाला समजलंच नाही. मग काका म्हणाले, "बस खाली. तुया बाप पायऱ्या पायऱ्या करत गेला. आमच्या आज्यानं चिखलाचं पानी प्यालं, आमच्या बापानं प्यालं. आता कुठं गोटा लागून राहिला, त तू म्हनतं चिखल ठेवा. कोनासाठी? त पाखरासाठी! पाखरायनं अर्ज केला का तुयापाशी?"

लोक हसले. मी बसलो. महाडच्या तळ्याची गोष्ट तुम्हीच मला मांडीवर बसवून सांगितली होती. पाण्यापर्यंत सरळ, कोरड्या पायांनी जाता यावं यासाठी माणसं कुठून कुठवर चालत गेली, आणि मी त्यांच्याच नातवंडांना चिखल मागत होतो. काका चूक नव्हते. मी चूक होतो का, तेही ठरत नव्हतं. घरी आलो तेव्हा तुमची सून पोळ्या लाटत होती. विहारातलं सगळं माझ्या आधी घरी पोचलं होतं.

"तुमाले बोलता येत नाई त उभे कावून राहता?" ती म्हणाली. "अन् उभे राहिले त बसले कावून?"

तिने ताट वाढलं. थोड्या वेळाने, पाठमोरीच, म्हणाली, "पुढच्या रविवारी मी समोर बसतो. माह्याकडे पाहून बोला."

पुढच्या रविवारी ती समोर बसली आणि मी तिच्याकडे पाहून बोललो. म्हणालो, पावसाळ्यात आपण भंतेजींना वर्षावासाला ठेवतो. घराघरातून पाळीने भोजनदान जातं. ते कुठून आले, पुढे कुठं जाणार, आपल्या काय कामाचे, असं आपण विचारत नाही. जायची वेळ झाली की हात जोडतो. ही पाखरं हिवाळ्यात येतात. त्यांना शिजवून घालायचं नाही, फक्त समोरचं ताट ओढून घ्यायचं नाही. आणि म्हणालो, गावात मागचं अंग आपल्याला दुसऱ्यांनी दिलं होतं. आज घाट आपला आहे. तीन बाजूंना पायऱ्या होतील तेव्हा त्या आपल्या असतील. ज्याचा घाट आहे त्यालाच एखादा काठ दान करता येतो. आपल्याला ते आता पहिल्यांदाच जमणार आहे.

मग काकांनी चष्मा काढून पुसला.

"म्हंजे हे हिवाळ्यातले भंतेजी होय का बे?"

विहार हसून हसून लोटपोट. पण काका हसत नव्हते. त्यांनी विचारलं, "तुया बाप राहिला असता त काय म्हनला असता?"

"पहिले शिव्या दिल्या असत्या, काका. मंग पाहाले आले असते."

"हे बाकी खरं होय," काका म्हणाले. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, माझ्याकडे बोट करून: "ठेवू चिखल. पन आपल्या एकाही बाईले त्या बाजूनं पानी घ्याले जा लागलं, त तुले मी त्याच चिखलात उभा करीन."

इथवर सगळं बरं झालं. खरी परीक्षा काम सुरू झालं त्या दिवशी आली. सकाळी रात्रपाळीवरून येताना पाहिलं, काठाकाठाने चुन्याची रेघ मारलेली. रस्त्याच्या बाजूला रेघ, कॉलनीच्या बाजूला रेघ, शेताच्या बाजूला रेघ. आपल्या वस्तीची बाजू कोरी. ठेकेदाराचा सुपरवायझर, तरणा पोरगा, छत्रीखाली उभा होता. मी विचारलं तर अदबीने म्हणाला, "भैया, आप ही के समाज ने तो कहा था एक साइड कच्ची रखनी है. खेत की तरफ प्लॉटिंग होने वाली है, उधर वाले सीढ़ी माँग रहे हैं. तो आपकी साइड छोड़ दी."

बाबा, सुपरवायझर खोटं बोलत नव्हता, वाईटही वागत नव्हता. त्याच्यासाठी ती एक रेघ होती. मला मात्र त्या रेघेत आपल्या गावचं तळं दिसलं: बाकी सगळ्यांना दगड, आणि आपल्या दारात मागचं अंग. आणि या वेळी ते कोणी लादलं नव्हतं, मी उभा राहून मागितलं होतं. वस्तीतल्या बायका दारात येऊन उभ्या होत्या. एखादीने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

कोणीतरी काकांना बोलावलं. ते काठी टेकत आले, चुन्याची रेघ पाहिली, माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि सरळ त्या पोराकडे गेले.

"साहब, हमने कीचड़ मेहमान के लिए माँगा है, अपने लिए नहीं. मेहमान खेत की तरफ उतरता है. हमारे दरवाजे पे पत्थर लगेगा."

"दादाजी, पक्षी तो कहीं भी बैठ जाएगा."

"आप भी तो कहीं भी बैठ सकते हैं," काका म्हणाले. "आइए, इधर कीचड़ में बैठिए. चाय मँगवाता हूँ."

मजूर तोंड फिरवून हसले. पोरगाही थोडा हसला, पण म्हणाला, नकाशा बदलणं माझ्या हातात नाही. तेव्हा काकांनी घरून प्लास्टिकची खुर्ची मागवली आणि जिथं आपली पहिली पायरी यायला हवी होती बरोबर तिथं टाकून बसले. दुपारी तुमची सून त्यांचा डबा घेऊन गेली आणि तिथेच धुणं घेऊन बसली. मग वहिनी आल्या, मग इतर बायका. घोषणा नाही, भांडण नाही. बायका रोजच्यासारखं धुणं धूत होत्या आणि मध्ये एक म्हातारा खुर्चीत पेपर वाचत होता. मी पाळी करून यायचो आणि त्यांच्यामागे उभा राहायचो. काका एकदा मान न वळवता म्हणाले, "तुया बापाची जागा राखून राहिलो. तुयी नाई." मग त्यांनी पेपराची आतली पानं काढून माझ्याकडे दिली.

काही दिवसांनी मोठा इंजिनियर आला. वयस्क, शांत माणूस. त्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मुलीने त्याला दोन्ही काठांवर फिरवलं. आपली बाजू उभी उतरते. तिथं पाणी कितीही हटलं तरी चिखलाचा पट्टा पडतच नाही, नुसती घसरण पडते. शेताची बाजू सपाट आहे, पाणी तिथं हळूहळू सरकतं. तिने सांगितलं की आपली बाजू कच्ची ठेवून पाखरं येणार नाहीत आणि माणसं पडतील. इंजिनियरने काठावरूनच सुपरवायझरला हाक मारली आणि चुना मागवला. शेताच्या बाजूला वरून फक्त पायवाट जाईल, तिथला गाळही काढायचा नाही, असं ठरलं. प्लॉटवाले त्यावर राजी झाले. आपल्या बाजूला रेघ पडली तेव्हा काका खुर्चीतून उठले, आणि उठता उठता त्यांचा गुडघा धरला. बायकांनी त्यांना दोन्ही बाजूंनी उचलून घरी नेलं, शिव्या देत देत.

उन्हाळ्यात काम झालं. पावसाळ्यात तलाव भरला आणि खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्या. वहिनी आता वयाने थकल्या, पण पहिल्या दिवशी हट्टाने उतरल्या आणि पाण्यात हात बुडवून, पाय कोरडे ठेवून, वर आल्या. मला वाटलं, तुम्हाला एवढंच पाहायचं होतं. मग हिवाळा आला. पाणी चौथ्या बाजूने हटायला लागलं आणि मी रोज सकाळी पाहत होतो. दगड फोडण्याचे आवाज, मशीन, माणसं. एवढं सगळं झाल्यावर ती कशाला येतील? बरेच दिवस काहीच नव्हतं. एका सकाळी धुकं होतं, पलीकडचं दिसत नव्हतं, आणि त्या धुक्यातून ती बारीक शीळ ऐकू आली. मी सायकल तिथेच आडवी टाकली. तुतवार होते, आणि थोड्या अंतरावर चिखल्यांची एक जोडी. धावत होती, थांबत होती, जेवत होती.

यंदा माघ पौर्णिमेला एका पोराने पुन्हा बोअरचा पाइप ओढत आणला होता. काका ओसरीतूनच ओरडले, "ठेव तो पाइप! त्यायच्या ताटात पानी टाकतं का बे?" शाळेच्या पोरांना ते आता संध्याकाळी काठावर नेतात, आणि दिसेल त्या पाखराचं चुकीचं नाव ठामपणे सांगतात. मुलगी दुरुस्त करायला जाते तर म्हणतात, "तुह्या आज्याचा दोस्त होय मी, मले शिकवतं?" शेतांवर प्लॉट पडतील, मग कोणीतरी पुन्हा म्हणेल की ती बाजू वाईट दिसते. समुद्राकडे काय होईल, ते माझ्या हातात नाही. पण आता असं कोणी म्हणालं तर उत्तर द्यायला मी एकटा उभा राहणार नाही, एवढं मला ठाऊक आहे.

आज रविवार आहे. विहारातून येऊन मी पायरीवर बसून हे लिहिलं. हे कुठं पाठवायचं नाही. खिशात ठेवीन, मग खिशातच राहून जाईल. दगड उन्हाने कोमट झाला आहे. दोन बायका धुणं धुताहेत, त्यांच्या गप्पा चालल्या आहेत, कुणाच्याही पायाला चिखल नाही. तुम्ही आयुष्यभर मागितलेलं सगळं माझ्या अवतीभवती आहे, आणि ते डोळे भरून पाहावं म्हणूनच मी इथं येऊन बसतो. पण बाबा, बसलो की माझी नजर पायऱ्यांवर थांबत नाही. ती आधी पलीकडे जाते.